दोन टाइट एंड कशासाठी? 2011 च्या पॅट्रिअट्सची आक्रमणाची पद्धत

तुम्ही विचारलंय की अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पॅट्रिअट्स या संघाच्या 2011 च्या मॅचेसमध्ये कोच बिल बेलिचिक सारखे दोन-दोन टाइट एंड (लाइनच्या टोकाचा, कधी समोरच्याला अडवणारा म्हणजे ब्लॉक करणारा, कधी पास घेणारा खेळाडू) का उतरवतात, आणि त्यातल्या एकाच्या जागी वेगवान वाइड रिसीव्हर (कडेला उभा राहून पळत पास घेणारा) घेतला तर जास्त यार्ड मिळणार नाहीत का. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं मी फक्त बॉलच्या मागे बघायचे, त्यामुळे टाइट एंड नावाचा माणूस मला दिसायचाच नाही. आता मॅच लागली की आधी त्यालाच शोधते.

सुरुवात माणसांच्या हिशेबापासून करू. ऑफेन्सच्या, म्हणजे बॉल हातात असलेल्या संघाच्या, 11 पैकी पाच लाइनमन (पुढची अडवणारी फळी) आणि एक क्वार्टरबॅक (पास टाकणारा) ठरलेले असतात. उरलेले पाच कोण, हे कोच दर प्लेला, म्हणजे दर चालीला, ठरवतो आणि त्या गटाला दोन आकड्यांनी ओळखतात. पहिला आकडा रनिंग बॅकचा (बॉल घेऊन पळणाऱ्याचा), दुसरा टाइट एंडचा, बाकीचे वाइड रिसीव्हर. ‘इलेव्हन’ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. ‘ट्वेल्व्ह’ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर. तुम्ही बघताय ते ट्वेल्व्ह.

डिफेन्सचा कोच समोर कोण उतरलंय ते बघून आपली माणसं पाठवतो. तीन रिसीव्हर आले की तो सहसा एक धिप्पाड गडी बाहेर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारा हलका खेळाडू) आणतो. याला निकल म्हणतात. पण दोन टाइट एंड आले की काय करायचं? लाइनच्या टोकाला टाइट एंड उभा राहिला की टॅकल (टोकाचा लाइनमन) आणि त्याच्यामध्ये एक जास्तीची फट तयार होते, आणि ती बुजवायला माणूस लागतो. दोन्ही टोकांना टाइट एंड असले तर लाइनची जड बाजू कुठली हेही कळत नाही. म्हणून लाइनबॅकर (डिफेन्सच्या पहिल्या फळीमागचे जड गडी) ठेवावे, तर हेच दोघे लाइन सोडून बाहेर जातात, रिसीव्हरसारखे पळतात, आणि लाइनबॅकर मागे पडतो. निकल आणावं, तर ते जागेवर राहून ब्लॉक करतात आणि रनिंग बॅक हलक्या डिफेन्सिव्ह बॅकच्या अंगावरून निघून जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी डिफेन्सची गत होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. वेगवान रिसीव्हर काय करणार हे सगळ्यांना माहीत असतं. टाइट एंड काय करणार हे स्नॅप होईपर्यंत, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होईपर्यंत, कळत नाही, आणि बेलिचिकना हवी होती ती ही अनिश्चितता.

यासाठी माणसं मात्र तशी लागतात. 2010 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमध्ये) त्यांनी दुसऱ्या फेरीत रॉब ग्रॉन्कोव्स्की आणि चौथ्या फेरीत एरन हर्नांडेझ घेतला. ग्रॉन्कोव्स्की साडेसहा फुटांचा, 265 पौंडांचा. तो ब्लॉक करताना पाहा, अक्षरशः जादा टॅकल वाटतो. आणि तोच लाइनबॅकरच्या मागे, सेफ्टीच्या (सगळ्यात मागच्या डिफेन्सिव्ह बॅकच्या) पुढे, मैदानाच्या मधल्या पट्ट्यात सरळ घुसायचा. 2011 मध्ये त्याचे 90 कॅच, 1,327 यार्ड आणि 17 टचडाउन झाले. टाइट एंडने एका सीझनमध्ये इतके टचडाउन कॅच तोवर कधीच घेतले नव्हते. हर्नांडेझ त्याच्याहून बुटका आणि चपळ होता, 79 कॅच आणि 910 यार्डचा. (पुढे खुनाच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला. त्या भयंकर प्रकरणाची आठवण मनात ठेवूनच मी इथे फक्त मैदानावरच्या गोष्टी लिहिते आहे.)

14 जानेवारी 2012 ची डेन्व्हरविरुद्धची प्लेऑफ मॅच मिळाली तर जरूर बघा. हर्नांडेझ अधूनमधून चक्क रनिंग बॅकच्या जागी उभा राहतो. पाच वेळा बॉल घेऊन त्याने 61 यार्ड काढले, त्यातली एक धाव 43 यार्डांची. ग्रॉन्कोव्स्कीने तीन टचडाउन केले, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने सहा टचडाउन पास टाकले, स्कोअर 45-10. त्यात हडल (चाल ठरवायला एकत्र जमणं) न करता पुढचा प्ले सुरू करायची सवय. नियम असा की ऑफेन्सने माणूस बदलला तर डिफेन्सलाही बदलायला वेळ मिळतो. इथे माणसं तीच, फक्त जागा वेगळ्या. एका प्लेला जड फळी, पुढच्या प्लेला तेच पाच जण मैदानभर पसरलेले, आणि डिफेन्सला माणूस बदलायला सवडच नाही. मला अजूनही ती मॅच बघताना अंगावर काटा येतो.

दोन टाइट एंडची युक्ती तशी जुनी. वॉशिंग्टनच्या जो गिब्सनी 1980 च्या दशकात क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या, जायंट्सच्या लाइनबॅकर लॉरेन्स टेलरला आवरण्यासाठी दुसरा टाइट एंड लाइनच्या जरा मागे ठेवला आणि स्नॅपआधी त्याला इकडून तिकडे हलवायला सुरुवात केली, कारण टेलर एकट्या रनिंग बॅकला झेपणारा नव्हता. तिथे उद्देश मुळात बचावाचा होता.

कोच अँडी रीड यांचं कॅन्सस सिटीमधलं गणित पुन्हा वेगळं. त्यांचा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी शाळेत क्वार्टरबॅक खेळलेला, त्यामुळे समोरच्या डिफेन्सची मांडणी ओळखतो. रीड त्याला बहुतेक वेळा ठरीव रस्ता देत नाहीत: समोर झोन (प्रत्येकाने आपापली जागा राखणं) दिसला तर मोकळ्या जागेत थांब, मॅन कव्हरेज (एकेका माणसावर पहारा) दिसलं तर वळून पळ. बफेलोविरुद्ध जानेवारी 2022 मध्ये शेवटच्या 13 सेकंदांत त्याने घेतलेला 25 यार्डांचा कॅच अशाच समजुतीतून आला, आणि त्यावर 49 यार्डांचा फील्ड गोल (बॉलला लाथ मारून केलेला गोल) मारून मॅच ओव्हरटाइममध्ये गेली.

पण फक्त दोन टाइट एंड घेतले म्हणजे काम झालं, असं नाही. 2021 मध्ये बेलिचिकनीच हंटर हेन्री आणि जॉनू स्मिथ या दोघांना मोठ्या करारांवर आणलं. हेन्रीने नऊ टचडाउन केले, स्मिथचे सीझनभरात 28 कॅच. ती जोडी जमली नाही. माझं मत असं की डिफेन्सला त्या दोघांची एकाच वेळी, दोन्ही कामांसाठी भीती कधी वाटलीच नाही.

पुढची मॅच बघताना एवढं करा. हडल फुटला की बॉलकडे बघू नका, जर्सी 87 शोधा. ग्रॉन्कोव्स्की आणि केल्सी दोघांचा नंबर तोच. त्याच्या बाजूचा वाइड रिसीव्हर लाइनपासून एक पाऊल मागे उभा आहे का बघा. तोही लाइनवर आला तर टाइट एंड झाकला जातो आणि नियमाने त्याला पास घेता येत नाही. मग समोर लाइनबॅकर किती आणि डिफेन्सिव्ह बॅक किती ते मोजा, आणि स्नॅपच्या आधी स्वतःशी म्हणा, रन की पास. 2011 च्या त्या मॅचेसमध्ये माझा अंदाज अजूनही बऱ्याचदा चुकतो.