एफवायला संख्याशास्त्र घेतलंय. वर्षाअखेर नेमकं काय यायला हवं?

सिलॅबसमध्ये उद्दिष्टांची लांबलचक यादी आहे, त्यातलं खरंच काय यायला हवं, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला कॉलेज रोडवर हा विषय शिकवतो. मला स्वतःला मात्र तो टीवायच्या प्रोजेक्टमध्ये कळला. तोवर सूत्रं नुसती तोंडपाठ होती.

प्रोजेक्ट होता कांद्याच्या आकारावर. लासलगावला लिलावासाठी लागलेल्या ट्रॉल्यांमधून प्रत्येकी वीस कांदे उचलायचे, व्हर्नियरने मोजायचे, वहीत लिहायचे. उचलायचो अर्थात हाताला येतील ते. एक काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, खालचे कधी मोजणार?"

माझी बोलतीच बंद. माल उठून दिसावा म्हणून ट्रॉलीत वर चांगला कांदा असतो, हे लासलगावात शेंबड्या पोरालाही माहीत! नमुना चौपट केला की योगायोगाने होणारी चूक निम्मी होते, हे मी पेपरात लिहून आलो होतो. पण वरचे ऐंशी मोजले तरी ते वरचेच. आकडे आले कुठून, हे आधी विचारायची सवय लागली तर माझ्या मते निम्मं वर्ष सार्थकी लागलं.

मग सरासरी. पाच ट्रॉल्यांना क्विंटलला 1100, 1150, 1200, 1200 आणि 2850 भाव मिळाला, तर सरासरी येते 1500. चौघांना त्यापेक्षा कमीच मिळालाय. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 1200, तो खरी गोष्ट सांगतो. दोन्ही काढता सगळ्यांनाच येतं. कुठे कोणता वापरायचा, ते यायला हवं.

संभाव्यतेत पत्ते-फासे होतीलच, जोर द्या सशर्त संभाव्यतेवर, म्हणजे एक गोष्ट घडलीय हे कळल्यावर दुसरीची शक्यता किती, यावर. बेझचं सूत्र घोकण्याआधी कागदावर हजार माणसं मांडा. दहा आजारी, त्यातले नऊ चाचणीत सापडतात. उरलेल्या 990 निरोगींपैकी दहा टक्के, म्हणजे 99 जण, चुकून पॉझिटिव्ह येतात. एकूण पॉझिटिव्ह 108, खरे आजारी नऊच. बारात एक! हे उदाहरण न बघता मांडता आलं की सूत्र आपोआप येतं.

एक्सेल वगैरे आठवड्याभरात जमतं, त्याचं टेन्शन घेऊ नका.

माझ्या प्रोजेक्टचं म्हणाल, तर नंतर मी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन ट्रॉली खाली होताना मधले आणि तळाचे कांदे घेतले. सरासरी आकार चांगलाच उतरला. आधीची वही गाइडना दाखवली नव्हती, हे नशीब.