बेस गिटारला कंप्रेसर प्रीअँप पेडलच्या आधी लावावा की नंतर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: चार तारांचा अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) बेस आहे, ड्राइव्ह (सुराला खरखर देणारा भाग) आणि डीआय (थेट मिक्सरला सिग्नल देणारं आउटपुट) असलेलं प्रीअँप पेडल, म्हणजे बेसच्या सिग्नलला बळ आणि वळण देणारं पेडल, आहे, आता कंप्रेसरही, म्हणजे जोरातले सूर दाबून आवाज समतल करणारं पेडल, घेतलाय. तो कुठे जोडायचा आणि नॉब कुठे ठेवायचे?

आधी लावा. बेस, मग कंप्रेसर, मग प्रीअँप, आणि प्रीअँपच्या एक्सएलआरमधून (डीआयची तीन पिनांची जोडणी) थेट मिक्सरला. आवाजाची कारणं पुढे सांगतोच, पण मला हा क्रम शिकवला तो वायरीने.

गणपतीतला एका मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता. स्टुडिओत बेस सगळ्यात शेवटी कंप्रेस करतात असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं, म्हणून मी कंप्रेसर प्रीअँपच्या नंतर जोडला आणि त्यातून कॉर्ड माझ्या अँपला नेली. साउंडवाला आला, प्रीअँपच्या मागे एक्सएलआर खोचली आणि गेला. कार्यक्रमभर मी वाकून वाकून नॉब फिरवत होतो, अँपमधून बेस लोण्यासारखा येत होता. दुसऱ्या दिवशी मिक्सरवरचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मिळालं. कडव्यांमध्ये मी ऐकूच येत नाही, आणि मधल्या पीसमध्ये एकेक सूर कुणी टेबलावर मूठ आपटावी तसा. सरळ आहे, डीआय कंप्रेसरच्या अलीकडूनच निघाला होता. तीन तास मी कंप्रेशन केलं ते फक्त स्वतःसाठी आणि शेजारच्या ड्रमरसाठी. तेव्हा क्रम ठरवताना पहिला प्रश्न हा: लोकांपर्यंत जाणारी वायर कुठून निघते? सॅन्सअँप बेस ड्रायव्हर घ्या, डार्कग्लासचं बी७के घ्या, नाहीतर बेहरिंगरचं स्वस्तातलं बीडीआय२१ घ्या, डीआय पेडलातच असतो. त्याच्या नंतर जोडलेलं काहीही त्या एक्सएलआरमध्ये जात नाही.

आता आवाजाचं. ड्राइव्ह हाही एका अर्थी कंप्रेसरच आहे. सिग्नल एका मर्यादेपलीकडे गेला की त्याचे शेंडे छाटले जातात आणि जोरात-हळू यातला फरक कमी होतो. तुमची बोटं एक सूर हळू आणि दुसरा जोरात वाजवत असतील तर हळू सूर स्वच्छ येतो आणि जोरातला खरखरतो. कंप्रेसर आधी असला की ड्राइव्हला मिळणारा सिग्नल समतल असतो, त्यामुळे ती खरखर प्रत्येक सुरावर जवळजवळ सारखी बसते. अ‍ॅक्टिव्ह बेसचा आउटपुट मुळात तगडा असतो, त्यामुळे तुमच्याकडे हे जास्तच जाणवेल.

सेटिंगला बसाल तेव्हा प्रीअँपचा ड्राइव्ह शून्यावर आणा, नाहीतर कोण काय करतंय ते कळत नाही. रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, ४:१ ठेवा. म्हणजे थ्रेशोल्डच्या (जिथून दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या) १२ डीबी वर गेलेला सूर फक्त ३ डीबी वर जाईल, बाकीचे ९ डीबी दाबले जातील. पण इतकं दाबायचं नाही. थ्रेशोल्ड असा लावा की नेहमीच्या वाजवण्यात ३ ते ६ डीबी कमी होतील. एमएक्सआर एम८७ सारख्या पेडलवर त्यासाठी एलईडींची रांग असते. खालची ई तार मोकळी जोरात छेडा, मग जी तारेवर बाराव्या पट्टीवर हळू वाजवा. ई ला दोन-तीन दिवे पेटले आणि जी ला एखादाच लुकलुकला तर बरोबर. जी लाही सगळे पेटत असतील तर तुम्ही बेसचा गळा दाबताय.

अटॅक, म्हणजे कंप्रेसर किती चटकन दाबायला लागतो ते, मंद ठेवा, साधारण ३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा ठोका सुटून जातो आणि मागचा सूर दाबला जातो. अटॅक फार वेगवान असेल तर बेस बँडमध्ये हरवतो. लोक मग व्हॉल्यूम वाढवतात आणि दोष बिचाऱ्या अँपला देतात. एक सावधगिरी: ११७६ या जुन्या स्टुडिओ कंप्रेसरवर अटॅकचा नॉब उजवीकडे फिरवला की वेग वाढतो, आणि त्याच्या वळणाची काही पेडलं हीच उलटी चाल पाळतात. मॅन्युअल एकदा उघडाच.

रिलीझबद्दल, म्हणजे दाब सुटायला लागणाऱ्या वेळाबद्दल, फारसं कुणी सांगत नाही, आणि बेसवर घोटाळा तिथेच होतो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आंदोलन जवळजवळ २४ मिलिसेकंदांचं. रिलीझ त्याच्या आसपास ठेवलात तर कंप्रेसर सुराच्या जोराऐवजी एकेका लाटेच्या मागे पळू लागतो आणि खर्जात घरघर येते. मी एकदा ती स्पीकर फाटल्याची समजून अँप उघडला होता! १०० मिलिसेकंदांच्या खाली सहसा जाऊ नका. शेवटी आउटपुट असा लावा की पेडल चालू-बंद केलं तरी आवाजाची पातळी तीच राहील, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

मग ड्राइव्ह हळूहळू वर आणा. आधी जिथे ठेवत होता त्यापेक्षा कमीच पुरेल.

नंतर लावण्यात अर्थ नाही असं नाही. प्रीअँपवर बेसचा नॉब भरपूर वाढवून स्लॅप वाजवणार असाल, तर अंगठ्याचा फटका ईक्यूनंतर (बेस-ट्रेबलच्या नॉबांनंतर) आणखी उसळतो आणि त्याला नंतरचाच कंप्रेसर आवरतो. पण मग कंप्रेसरच्या नंतर वेगळा डीआय बॉक्स हवा. शिवाय सुरांमधल्या शांततेत कंप्रेसर हात सैल सोडतो, आणि मेकअप गेन (दाबल्यावर भरून काढलेली पातळी) दिलेला असेल तर ड्राइव्हची हिस वर येते. रेकॉर्डिंगला चालेल, मंडपात नाही.

दोन्ही पेडलं एकाच अडॅप्टरवरून डेझी चेनने (एकाच वायरीच्या अनेक फाट्यांनी) चालवू नका. हम (सततची गुणगुण) आली तर लोक पिकअपवर संशय घेतात आणि चोर भलतीकडेच असतो. आणि साउंड चेकला साउंडवाल्याला विचारून घ्या, त्याने तुमच्या चॅनेलवर कंप्रेसर टाकलाय का. टाकला असेल तर तुमचा ३ डीबीवर आणा, किंवा त्याला त्याचा काढायला सांगा. बहुतेक जण आनंदाने काढतात, चहा पाजलात तर नक्कीच.