फोटोत भेग दिसतेच, मग उपग्रहावरून लेझर मारून ती मोजायची कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपुरात एम.एस्सी. करताय, अंटार्क्टिकाच्या आइस शेल्फमधल्या भेगांवर प्रकल्प घ्यायचा विचार आहे, पण गाइड म्हणतात, "उपग्रहाचे फोटो आहेत ना, लेझरच्या भानगडीत कशाला पडता?" शिवाय हे इथे बसून जमेल का, हीही शंका आहे.

मी इथल्याच एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो आणि दोन-तीन वर्षं हाच डेटा घेऊन बसलोय. जमतं. आणि तुमच्या गाइडचं अर्धं बरोबर आहे: भेग कुठे आहे आणि किती लांब आहे, यासाठी फोटोच बरा.

उरलेल्या अर्ध्याचं सांगतो. उमरेडकडे आमचं शेत आहे, काळीभोर जमीन. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की चप्पल आत जाते. लहानपणी आम्ही पोरं पऱ्हाटीची काडी भेगेत सोडून बघायचो. एखादी भेग वरून दोन बोटांची, पण अख्खी काडी गिळायची. दुसरी चांगली वीतभर फाकलेली, आणि चार बोटांवर तळ. बाबा ओरडायचे, "काहून बे, कामधंदे नाहीत का?" पण वरून नुसतं बघून खोली कळत नाही, हे तेव्हाच कळलं होतं. लेझर म्हणजे ती पऱ्हाटी. (माती वाळून फाटते, बर्फ ताणाने फाटतो. उपमा इथेच सोडतो.)

आइस शेल्फ म्हणजे जमिनीवरून वाहत येऊन समुद्रावर तरंगणारी शेकडो मीटर जाडीची बर्फाची लादी. पृष्ठभाग पाण्यापासून ३० मीटर उंच असेल, तर एकूण जाडी साधारण त्याच्या आठ-नऊ पट धरायची, बाकीचं पाण्याखाली. हा हिशेब उंचीवरूनच निघतो, म्हणून उंची नेमकी हवी. ती नासाचा आइससॅट-२ मोजतो. सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेला हा उपग्रह सुमारे ५०० किलोमीटरवरून हिरव्या लेझरचे सेकंदाला १०,००० ठोके मारतो. उपग्रह सेकंदाला सात किलोमीटर पळतो, म्हणजे जमिनीवर दर ७० सेंटीमीटरला एक ठोका. एका ठोक्यातले लाखो कोटी फोटॉन (प्रकाशाचे कण) खाली जातात, परत हाती लागतात जेमतेम दहा-बारा. त्या प्रत्येकाला जाऊन यायला किती वेळ लागला, यावरून उंची. आधीच्या आइससॅटचा (२००३ ते २००९) ठिपकाच ७० मीटरचा आणि दोन ठिपक्यांत १७० मीटर अंतर. त्यात लहान भेग सहज निसटायची.

फोटॉनचा आलेख एकदा काढून बघाच. सपाट पृष्ठभाग चाललेला असतो, मग अचानक भिंत कोसळते, खाली तळ लागतो, आणि पुन्हा भिंत वर येते. तळ समुद्रपातळीच्या जवळ असेल तर भेग आरपार गेलेली, म्हणजे रिफ्ट. तळ बराच वर असेल तर वरवरची. रिफ्टमध्ये उघडं पाणी क्वचितच दिसतं. त्यात समुद्री बर्फ, साचलेला हिम आणि भिंतींचे पडलेले तुकडे यांचा काला झालेला असतो. तो पाण्यावर किती वर आहे हे मोजलं की त्याची जाडी काढता येते, आणि जाड काला दोन्ही भिंतींना काही अंशी धरून ठेवतो असं मॉडेलं सांगतात. फोटोत हा काला आणि आजूबाजूचं बर्फ, दोन्ही पांढरंच. खालून वर चढणाऱ्या भेगाही असतात. त्या फोटोत चीर म्हणून दिसत नाहीत, पण वरचा पृष्ठभाग तिथे हलकासा खचतो आणि लेझरला तो खळगा सापडतो.

भेगांवर नजर ठेवण्याचं महत्त्व अंटार्क्टिकातल्या ब्रंट आइस शेल्फवर कळलं. तिथल्या 'कॅझम-१' नावाच्या भेगेच्या धाकाने ब्रिटिशांनी आपलं स्कीवर उभं असलेलं हॅली संशोधन केंद्र २०१६-१७ मध्ये २३ किलोमीटर आत ओढून नेलं. जानेवारी २०२३ मध्ये ती भेग आरपार गेली आणि सुमारे १,५५० चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला. आपलं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्रीही आइस शेल्फवरच होतं. ते भेगेत गेलं नाही, बर्फाखाली गाडलं गेलं. मैत्री आणि भारती म्हणूनच खडकावर आहेत.

आता फसायच्या जागा. मी तिन्हींत फसलोय.

पहिली: तयार उंचीचा डेटा (एटीएल०६) ४० मीटरच्या तुकड्यांची सरासरी देतो. गुळगुळीत हिमनदीला उत्तम, पण भेगेची उभी भिंत त्यात उतार होऊन बसते. भेगेसाठी कच्चे फोटॉन घ्या, एटीएल०३.

दुसरी, कोन. उपग्रहाची वाट भेगेला ३० अंशांत तिरकी छेदत असेल तर ५०० मीटरची भेग एक किलोमीटरची दिसते. यावर उपाय उपग्रहातच आहे. लेझरचे सहा किरण तीन जोड्यांत जातात, जोडीतले दोन एकमेकांपासून ९० मीटरवर. दोन्ही किरणांना भिंत कुठे कुठे लागली ते बघितलं की भेगेची दिशा निघते.

तिसरीने माझी लाज काढली. उपग्रह ९१ दिवसांनी त्याच वाटेवर येतो. पूर्व अंटार्क्टिकातल्या ॲमेरी आइस शेल्फवरच्या एका रिफ्टच्या दोन फेऱ्यांची रुंदी मी ताडून पाहिली, तर ती अरुंद झालेली. "भेग मिटतेय!" म्हणून विभागात मिरवलो, चहासुद्धा पाजला. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, सर, बर्फ जागच्या जागी आहे का? ॲमेरीची समुद्राकडची कड वर्षाला किलोमीटरहून जास्त सरकते. तीन महिन्यांत बर्फ तीनेकशे मीटर पुढे गेलेला आणि मी भेगेची निराळीच जागा मोजलेली. बर्फाच्या वेगाचा नकाशा घेऊन आधीची जागा तेवढी पुढे सरकवा, मगच तुलना करा. भरतीओहोटीने अख्खी लादी वर-खाली होते, तेही वजा करा.

ढग असले की लेझर हात टेकतो. ध्रुवीय रात्रीची मात्र त्याला अडचण नाही, साध्या फोटोला आहे. ढग आणि अंधार दोन्हींतून बघायला युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार आहे. तेव्हा फोटो, रडार आणि लेझर तिन्ही लागतात, हे गाइडना सांगा. भांडण मिटेल.

नागपुरात बसून कसं करायचं? डेटा फुकट आहे. नासाचं अर्थडेटा खातं काढायचं, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यायला हवी. एटीएल०३ ची एकेक फाइल जीबीमध्ये असते, त्यामुळे अख्खी उतरवू नका, आपल्या चौकोनापुरती कापून घ्या. मी पहिल्यांदा अख्खी उतरवली होती, मे महिन्यात, रात्री दोन वाजता, कूलरसमोर लॅपटॉप धरून. सुरुवातीला ॲमेरीचा 'लूज टूथ' (भेगांनी घेरलेला, हलत्या दातासारखा) भाग घ्या. त्यावर आधीचा अभ्यास भरपूर आहे, तुमचा आकडा पडताळता येईल. आणि पहिल्या आठवड्यात रुंदी काढूच नका. एकच वाट, एकच भेग, सहाही किरणांचे आलेख एकाखाली एक काढा आणि भिंत कुठे सुरू होते हे डोळ्यांनी ठरवा.