अमेरिकेत गे बार आणि बायकांच्या सेंटरला हेरिटेजचा दर्जा देतात, त्यात जपण्यासारखं नक्की काय असतं?

आपल्या डोक्यात हेरिटेज म्हटलं की किल्ला, देऊळ, फार तर एखाद्या सरदाराचा वाडा. पण ज्यांना भेटायचं म्हटलं तरी चोरून भेटावं लागायचं ते कुठून वाडे बांधणार? ते भाड्याच्या खोलीत, कुठल्यातरी बारमध्ये नाहीतर कुणाच्या घरी जमायचे, त्यामुळे बाहेरून बघितलं तर जपण्यासारखं खरंच काही दिसत नाही.

मी बे एरियात राहते म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचंच सांगते. तिथं मिशन भागात अठराव्या स्ट्रीटवर विमेन्स बिल्डिंग आहे. १९१० ची इमारत, मुळात जर्मन लोकांची व्यायामशाळा (तालीमच म्हणा ना), मग नॉर्वेजियन मंडळींकडे गेली आणि १९७९ ला बायकांच्या एका ग्रुपने ती विकत घेतली. विकत घेतली, हे महत्त्वाचं. कारण पुढच्याच वर्षी कुणीतरी तिथं आग लावली, नंतर बॉम्बही फुटला, भाड्याची जागा असती तर मालकाने "नको बाई ही कटकट, खाली करा" म्हणून कधीच हाकललं असतं. १९९४ ला सात चित्रकार बायकांनी मिळून तिच्या बाहेरच्या भिंती वरपासून खालपर्यंत रंगवल्या, देशोदेशीच्या बायकांचे चेहरे आणि नावं. आता एखादा कडक कन्झर्वेशनवाला म्हणेल की अहो मूळ रूपच घालवलं, पण २०१८ मध्ये ती अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली ती बायकांच्या चळवळीसाठीच, आणि आजही आत वेगवेगळ्या संस्थांची कामं रोज चालू असतात.

तिथून चार पावलांवर लेक्झिंग्टन क्लब होता, लेस्बियन बायकांचा बार. भागातली घरभाडी इतकी वाढली की येणाऱ्या बायकांनाच तिथं राहणं परवडेना, शेवटी मालकिणीने विकला, २०१५ ला बंद. म्हणजे माझ्या मते दर्जा, पाटी वगैरे नंतरच्या गोष्टी, आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघायचं.

न्यूयॉर्कचा स्टोनवॉल हा गे बार तुम्हाला माहीत असेलच. १९६९ ला तिथं पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी विरोध केला, त्या दंग्यानंतर काही महिन्यांतच मूळ बार बंद पडला होता, मधे तिथं बाकीची दुकानं येऊन गेली. तरी १९९९ ला राष्ट्रीय यादीत घेताना नुसता बार नाही, समोरची बाग आणि आजूबाजूचे रस्तेही धरले, कारण पोलिसांशी झटापट रस्त्यावरच झाली होती, मला तर हे फार आवडलं. २०१६ ला ते राष्ट्रीय स्मारक झालं. पण २०२५ मध्ये सरकारी वेबसाइटवरच्या त्याच्या माहितीतून ट्रान्सजेंडर लोकांचा उल्लेखच काढून टाकला, म्हणजे जागा वाचली तरी तिथं काय झालं ते कोण सांगणार हा झगडा काही संपत नाही.

आपल्याकडचं बघायचं तर पुण्यातला भिडे वाडा. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ ला जिथं मुलींची शाळा काढली तो. भाडेकरूंच्या केसेस वर्षानुवर्षं कोर्टात, तोवर वाडा ढासळत गेला आणि २०२३ च्या डिसेंबरात कोर्टाच्या निकालानंतर महापालिकेने रात्रीतून पाडला, आता राष्ट्रीय स्मारक होणार. स्मारकाला माझा विरोध नाही आणि भाडेकरूंचीही तिथं दुकानं होती, पोट होतं, पण वीसएक वर्षं आधी कुणी नीट डागडुजी केली असती तर एखादी भिंत तरी उरली असती असं वाटत राहतं.

तुम्हाला स्वतःच्या गावात काही करायचं असेल तर इमारतीपासून सुरुवात करूच नका. सत्तरी ओलांडलेल्यांना गाठा, बैठका कुठं व्हायच्या, हॉल कोण द्यायचं, किल्ली कुणाकडे असायची ते विचारा, जुनी पत्रकं, निमंत्रणं, भाड्याच्या पावत्या, फोटो सगळं स्कॅन करा, कारण उद्या दर्जासाठी अर्ज करायचा झाला तर पुरावा म्हणून हेच लागतं. फक्त एक, कुणाचंही नाव छापायच्या आधी त्यांना विचारा, तेव्हा गुपचूप येणाऱ्यांपैकी काहींनी घरी अजूनही सांगितलेलं नसतं.