जोडणीआधीची जुळवणी : सुट्या भागांतून डेस्कटॉप

डेस्कटॉप संगणक स्वतः जोडू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोडणार आहे. मुख्य काम फोर-के व्हिडिओ संपादनाचे असून सुट्टीच्या दिवशी थोडे गेमही खेळतो. प्रोसेसरवर जास्त खर्च करावा की ग्राफिक्स कार्डवर, आणि निवडीची सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तुम्ही काम आधी सांगितलेत, हे फार बरे केलेत; कारण बहुतेक पत्रांत भागांची लांबलचक यादी असते आणि त्या संगणकावर करायचे काय, याचा पत्ताच लागत नाही. कोणताही भाग एकटा चांगला किंवा वाईट नसतो. प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटशी, म्हणजे तो बसवायच्या जागेशी, बांधलेला असतो, मदरबोर्ड रॅमच्या पिढीशी (डीडीआर४ किंवा डीडीआर५), आणि ग्राफिक्स कार्ड एसएमपीएसच्या (सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) ताकदीशी व कॅबिनेटच्या लांबीशी. त्यामुळे एक भाग ठरवला की उरलेल्या भागांच्या अटी आपोआप ठरत जातात. ज्या भागावर तुमच्या कामाचा सर्वांत जास्त भार पडणार आहे, तोच आधी निवडावा आणि बाकीचे त्याच्या मागे यावेत.

संपादनासाठी पहिला प्रश्न असा, की तुमचा कॅमेरा चित्रीकरण कोणत्या स्वरूपात साठवतो? अनेक आधुनिक कॅमेरे एचईव्हीसी (एच.२६५) या आकाराने लहान करून साठवण्याच्या स्वरूपात १० बिट, ४:२:२ असे, म्हणजे रंगांचे जास्त तपशील राखणारे, चित्रीकरण करतात. ते उलगडण्याची सोय इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्समध्ये, म्हणजे क्विक सिंकमध्ये आहे. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत मात्र ती आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. चित्रीकरण असे असेल आणि ही सोय संगणकात कोठेच नसेल, तर महागडे कार्ड असूनही टाइमलाइन अडखळत राहते आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो. सॉफ्टवेअरचाही विचार करावा लागतो : डाव्हिंची रिझॉल्व्ह रंगकामासाठी आणि इफेक्टसाठी ग्राफिक्स कार्डावर फार अवलंबून असते, म्हणून ते वापरणार असाल तर कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत काटकसर करू नका. साधी रॅम ३२ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

गेमचा हिशेब मॉनिटरवरून करावा. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. पडदा जितका बारीक, तितका भार ग्राफिक्स कार्डाकडे सरकतो. उलट फुल एचडी पडद्यावर फार ताकदवान कार्ड लावले, तर पुष्कळदा ते प्रोसेसरची वाट पाहत बसते.

आता सॉकेटविषयी. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ साली आले. त्याच वर्षीचे रायझन ७००० आणि २०२४ चे रायझन ९००० हे दोन्ही त्यात बसतात. त्याआधीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ पासून अनेक वर्षे नवनवे प्रोसेसर येत राहिले आणि पहिल्या वर्षी मदरबोर्ड घेतलेल्या अनेकांना केवळ बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डमधील सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर वापरता आले. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये आले, त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा पिढ्या झाल्या, आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आल्यावर तो मार्ग संपला. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर हा इतिहास निर्णयात धरावा. पाच-सात वर्षे काहीही बदलणार नसाल, तर त्याला फारसे महत्त्व नाही, आणि ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून आज जास्त खर्च करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

प्रश्न : इंटेल कोअर आय५-१३४००एफ आणि बी६६० मदरबोर्ड घेऊन संगणक जोडला. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. ग्राफिक्स कार्ड नंतर घेणार आहे. मदरबोर्ड बिघडलेला असेल का?

उत्तर : बहुधा नाही. तुमच्या प्रोसेसरच्या नावातील ‘एफ’ या अक्षराचा अर्थ असा, की त्यात अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नाही. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयची जागा असली, तरी तिला चित्र पुरवणारे कोणी नाही, त्यामुळे कार्ड बसवेपर्यंत पडदा काळाच राहणार. कार्ड आल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा. सवयीने ती मदरबोर्डला जोडणारे पुष्कळ असतात.

कार्ड बसवूनही चित्र आले नाही, तर बायोस पाहा. बी६६० मदरबोर्ड तेराव्या पिढीच्या आधी बाजारात आले, त्यामुळे जुन्या साठ्यातील मदरबोर्डला तुमचा प्रोसेसर ओळखता येत नसण्याची शक्यता आहे. काही मदरबोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकची सोय असते. तिच्यामुळे निर्मात्याच्या संकेतस्थळावरील फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन, मदरबोर्ड प्रोसेसरला ओळखत नसतानाही, बायोस बदलता येतो. मदरबोर्ड घेताना ही सोय आहे का, हे मी नेहमी तपासतो. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठीची वेगळी आठ पिनांची वीजजोडणी राहून गेली नाही ना, हेही बघा. ती विसरली तरी पंखे फिरतातच. आणि रॅम डीडीआर५ असेल, तर पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड तिची चाचणी घेत असतो, त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. तेवढा वेळ घाईने वीज बंद करू नका.

प्रश्न : किती वॅटचा एसएमपीएस घ्यावा? ‘गोल्ड’ लिहिलेला असेल तर तो चांगलाच असतो का?

उत्तर : या भागाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण यादी खर्चाबाहेर गेली की पहिली कात्री यालाच लागते, आणि बिघडताना इतर सर्व भागांना बरोबर नेण्याची क्षमता असलेला भाग हाच आहे.

हिशेब करताना प्रोसेसरचा मूळ आकडा धरू नये, कमाल आकडा धरावा. कोअर आय७-१४७००के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॅट आहे, पण पूर्ण जोरात तो २५३ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॅटचे आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे ६०-७० वॅट धरले, तर बेरीज ५२० वॅटच्या आसपास होते. अशा संगणकासाठी मी ७५० वॅटचा एसएमपीएस घेईन. वरची जागा उधळपट्टी नव्हे : ग्राफिक्स कार्डे क्षणार्धापेक्षाही कमी वेळ नेहमीच्या कितीतरी जास्त वीज ओढतात, आणि दुबळा एसएमपीएस अशा वेळी धोका ओळखून संगणकच बंद करतो. एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सहन करण्याची अट घातली गेली.

‘८० प्लस’ ही खूण २००४ पासून चालत आली आहे. तिची मूळ अट अशी, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता असावी. गोल्ड दर्जात ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे संगणकाला ३०० वॅट देताना भिंतीतून सुमारे ३३३ वॅट घेतले जातात आणि बाकीचे उष्णतेत जातात. पण ही खूण विजेच्या बचतीची आहे. पुरवठ्यातील चढउतार किती कमी आहेत, जादा प्रवाहापासून व शॉर्टसर्किटपासून संरक्षण कसे आहे, आतले कपॅसिटर कोणत्या प्रतीचे आहेत, याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यासाठी एसएमपीएस उघडून, भार लावून केलेली परीक्षणे वाचावीत आणि हमीची वर्षे पाहावीत; सात किंवा दहा वर्षांची हमी देणाऱ्याला आपल्या मालावर विश्वास असतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. सुट्या केबलींचा एसएमपीएस घेतलात, तर त्याच्यासोबत आलेल्याच केबली वापरा. केबलीचे भागांकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम एकसारखा नसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असू शकतो. जुनी केबल नव्या एसएमपीएसला नीट बसली म्हणून वापरल्यामुळे माझ्यासमोर एक हार्ड डिस्क जळाली, आणि तिच्यावर एका कुटुंबाची कित्येक वर्षांची छायाचित्रे होती.

प्रश्न : १६ जीबीची एक रॅम घ्यावी की ८ जीबीच्या दोन? पुढे आणखी दोन घालून चारही जागा भरल्या तर चालेल का?

उत्तर : दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी मजकूर आणतो, आणि अंगभूत ग्राफिक्सवर काम करणाऱ्यांना तर हा फरक डोळ्यांना दिसतो. चार जागांच्या मदरबोर्डवर त्या सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवतात. तरी मदरबोर्डची पुस्तिका पाहावी.

डीडीआर५ मध्ये चारही जागा भरण्याचा बेत मात्र करू नका. रायझन ७००० प्रोसेसरांचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० एमटी/से. (सेकंदाला इतके दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण) आहे, तर चार पट्ट्यांना केवळ ३६००. म्हणून पुढची गरज ओळखून आजच मोठ्या दोन घेणे शहाणपणाचे आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असल्या, तरी मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते आणि एक दुसरीच्या जागी बसत नाही. एलजीए १७०० चे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळत असल्याने तेथे नाव नीट वाचावे. रॅम बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा. नाहीतर जास्त वेगाची म्हणून घेतलेली रॅम मूळच्या कमी वेगानेच चालत राहते.

प्रश्न : माझा संगणक सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा आहे. विंडोज ११ त्यावर चालत नाही. सॉकेट एलजीए ११५१ च असल्याने त्यात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवून काम भागेल का? नाहीतर जुने कोणते भाग नव्या जोडणीत वापरता येतील?

उत्तर : दुर्दैवाने भागणार नाही. नाव आणि संपर्कबिंदूंची संख्या सारखी असली, तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचा मदरबोर्ड लागतो. तुमच्या मदरबोर्डवर तो प्रोसेसर बसेल, पण सुरू होणार नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बहुधा रॅम असे तीन भाग एकत्र बदलावे लागतील.

कॅबिनेट ठेवता येईल, मात्र आतून मोजून घ्या. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, तर मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ चा असतो. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची यांचीही मापे उत्पादनाच्या माहितीत दिलेली असतात. समोरची बाजू पूर्ण बंद असेल, तर गरम होणाऱ्या कार्डासाठी ते कॅबिनेट नको. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वेगाने चालते. दुसरी साठवण म्हणून ती उत्तम आहे, विंडोजसाठी नवी, जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडी घ्या. एसएमपीएस दहा वर्षे चाललेला असेल, तर त्याला निवृत्त करा. कूलरच्या बाबतीत फसगत होते : जुन्या सॉकेटभोवतीच्या छिद्रांत ७५ मिलिमीटरचे अंतर होते, एलजीए १७०० मध्ये ते ७८ आहे, त्यामुळे कूलरच्या निर्मात्याने वेगळी पट्टी दिली असेल तरच तो बसेल. मॉनिटरला फक्त व्हीजीए जोडणी असेल, तर नव्या ग्राफिक्स कार्डांवर ती मिळत नाही. त्यासाठी आतला छोटा परिपथ सिग्नल बदलून देतो असा, डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा अ‍ॅडाप्टर घ्यावा लागेल.