डिपार्टमेंटसाठी पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेताय? आधी एवढं बघा

अभिनंदन, खरेदी समितीत अडकलात! घाबरू नका, सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

आधी आयटी सेलला फोन करा, मग कोटेशन. कारण लॅनला, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कला, जोडायची प्रत्येक वस्तू, म्हणजे नेटवर्क स्विच, प्रिंटर, वायफाय देणारा अॅक्सेस पॉइंट, त्यांना माहीत हवी. नवीन लोक हमखास घरगुती वायफाय राउटर आणून भिंतीच्या पोर्टला लावतात, मग तो राउटरच सगळ्यांना चुकीचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत सुटतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट बसतं, आणि शोधायला अर्धा दिवस जातो तो वेगळाच.

स्पेसिफिकेशनमध्ये ब्रँडचं नाव नको, रॅम, एसएसडी, ऑनसाइट वॉरंटी असं लिहा. विंडोज प्रो मागा, विंडोज होम डोमेनला, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडता येत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्त मिळतंय म्हणून खिशातून आणून नंतर बिल लावू, हे अजिबात नको. खरेदीच्या रकमेच्या मर्यादेत बसवायला एकाच खरेदीचे तुकडेही पाडू नका, ऑडिटवाले नेमकं तेच बघतात. जेम पोर्टल (सरकारी खरेदीची वेबसाइट) की कोटेशन, ते परचेस सेक्शनला विचारा.

माल आला की आधी डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद, मग बिल पुढे. आणि मार्चची वाट बघू नका हो, तेव्हा सगळेच रांगेत असतात.

टेंडरबिंडर नंतर बघू.