बेंजीचं प्रकरण सोडू नका

विल्यम फॉकनरची ‘द साउंड अँड द फ्युरी’ (१९२९) ही कादंबरी वाचायला घेतलीत, मनापासून आनंद झाला. पहिल्या प्रकरणात काही कळेना म्हणून पुस्तक तेवढं मिटू नका. तिथे निवेदक बेंजी आहे. वय ३३, पण बुद्धी लहान मुलाची; काल आणि आज हा भेद त्याच्यापाशी नाहीच. टाइप तिरपा झाला की बहुधा काळ बदलला असं धरा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे त्याला सांभाळणारा पोरगा. व्हर्श असला तर बालपण, टी.पी. असला तर पुढची वर्षं, लस्टर असला तर १९२८, म्हणजे कथेतला ‘आज’.

सुरुवातीलाच कुंपणापलीकडचा गोल्फ खेळणारा सामान वाहणाऱ्या पोऱ्याला ‘कॅडी’ अशी हाक मारतो आणि बेंजी विव्हळू लागतो. कॅडी ही त्याची बहीण, आता घरात नसलेली. आणि ते मैदान म्हणजे त्याचा भाऊ क्वेंटिन याच्या हार्वर्डच्या शिक्षणासाठी विकलेलं या घराचंच कुरण! फॉकनर हे कुठेही थांबून समजावत नाही, म्हणून तर ते इतकं आत लागतं.

क्वेंटिन मात्र दोन आहेत, मामा आणि भाची. एवढं आधीच माहीत असू द्या. तिसऱ्या, म्हणजे दुसरा भाऊ जेसन याच्या प्रकरणापासून वाट बरीच सोपी होते. पुस्तक संपलं की लगेच बेंजीकडे परत या.